चावडीच्या भिंतीतली पाटी, १९१४-१९१९, आणि ते युद्ध नक्की कशापायी झालं?

कृष्णाकाठ
मंडळी, नमस्कार. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज धागा काढतोय. दिवाळीत गावी गेलो होतो (सातारा जिल्हा, कोरेगावच्या अलीकडे). मारुतीच्या देवळाला लागून जुनी चावडी आहे, आता तिथे दूध संकलन चालतं. तिच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी बसवलेली आहे, हातभर रुंद, इंग्रजीत. लहानपणी आम्ही तिच्यावर चेंडू मारायचो, कधी वाचली नव्हती. यावेळी पोरगं सोबत होतं, नववीत आहे, त्याने वाचली. या गावातून महायुद्धाला ४१ माणसं गेली, त्यातली इतकी परत आली नाहीत, असं काहीतरी आहे. मेलेल्यांचा आकडा ६ आहे की ८ ते कळत नाही कारण कधीतरी कुणीतरी भिंतीसोबत पाटीलाही ऑइलपेंट फासलाय, आणि वर्षानुवर्षं दुधाचे कॅन घासून अक्षरं बसलीत. पण साल स्वच्छ दिसतं, १९१४-१९१९.

पोराने तिथेच दोन प्रश्न टाकले. एक, पुस्तकात युद्ध १९१८ ला संपलं लिहिलंय मग इथे १९१९ कसं. दोन, ऑस्ट्रियाचा राजपुत्र मेला तर आपल्या गावची माणसं का गेली? पहिल्याला मी म्हणालो पाटी करणाऱ्याने चूक केली असेल. दुसऱ्याला म्हणालो चल, चहा घेऊ.

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

इतिहासखोर
पाटी बरोबर आहे, चूक तुमची :) ११ नोव्हेंबर १९१८ ला झाला तो युद्धविराम, म्हणजे बंदुका थांबल्या. जर्मनीशी तह झाला २८ जून १९१९ ला व्हर्सायला, तेव्हा ते युद्ध कागदोपत्री संपलं. आणि तारीख बघा, २८ जून १९१४ ला बोस्नियातल्या साराजेव्होत राजपुत्राला (फ्रान्झ फर्डिनंड) गोळी घातली होती, बरोब्बर पाच वर्षांनी त्याच तारखेला सह्या. अशा १९१४-१९१९ वाल्या पाट्या सातारा, रत्नागिरी, कुलाबा (आताचा रायगड) भागात पुष्कळ गावांत आहेत, सरकारने एका छापाच्या करून वाटल्या होत्या. गावाचं नाव आणि आकडे तेवढे बदलायचे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सवडीने देतो, ऑफिसात आहे.

चकलीचा_सोऱ्या
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. इतिहासखोर सवडीने देतो म्हणाले की किमान चार स्क्रोल.

गण्या_बाजीराव
त्या राजपुत्राच्या गाडीचा नंबर ए III ११८ होता. म्हणजे ११-११-१८!! युद्धविरामाची तारीख!!! नियतीने आधीच लिहून ठेवलेलं. आणि तो गोळी घालणारा प्रिन्सिप कोपऱ्यावर सँडविच खात उभा होता, समोर गाडी येऊन थांबली. काय योगायोग बघा.

इतिहासखोर
गण्याभाऊ, व्हॉट्सॲप बंद करा जरा. नंबर खरा आहे, गाडी व्हिएन्नाच्या लष्करी संग्रहालयात आजही आहे. पण ए हे अक्षर आणि तीन हा रोमन आकडा, त्याचे तीन दांडे मोजून ११-११ करायचं म्हणजे लग्न जुळवताना गुण कमी पडले की भटजी करतात तसं झालं. सँडविच तर पार थाप, मागाहून घुसडलेली.

खरी गोष्ट त्याहून विचित्र आहे. सकाळी त्याच टोळीतल्या चाब्रिनोविचने बाँब टाकला, तो मागच्या गाडीखाली फुटला, माणसं जखमी झाली. राजपुत्र तरीही ठरलेल्या कार्यक्रमाला गेला, मग म्हणाला जखमींना दवाखान्यात बघून येऊ. रस्ता बदलायचं ठरलं पण ड्रायव्हरला कुणी सांगितलंच नाही. त्याने लॅटिन पुलापाशी जुन्या रस्त्याला वळण घेतलं, ओरडल्यावर गाडी थांबवली आणि समोर प्रिन्सिप. वय १९. विशीच्या आतला म्हणून फाशी झाली नाही, तुरुंगात क्षयाने एप्रिल १९१८ मध्ये गेला. म्हणजे त्याच्या गोळीने सुरू झालेलं युद्ध संपलेलंही त्याला बघायला मिळालं नाही.

शेंडेफळ
ड्रायव्हरला सांगायचं राहिलं!!! आमच्या प्रत्येक लग्नाच्या वऱ्हाडात हेच होतं. एक गाडी कायम जुन्या हॉलवर.

बर्लिनकर
चांगला धागा. मी गेली बारा वर्षं इकडे आहे, त्यामुळे थोडं दुसऱ्या बाजूने लिहितो.

सगळे राजपुत्रापासून सुरू करतात पण खून ही ठिणगी होती, गंजी आधीच रचलेली होती. १८७१ मध्ये जर्मनीने फ्रान्सला हरवून आल्सास-लोरेन घेतलं ते फ्रान्स विसरलं नव्हतं. १९०८ मध्ये ऑस्ट्रियाने बोस्निया आपल्यात जोडून घेतला ते सर्बिया आणि रशिया विसरले नव्हते. १९०६ मध्ये ब्रिटनने ड्रेडनॉट बांधली आणि कैसरला, म्हणजे जर्मनीच्या सम्राटाला, पण तसलीच युद्धनौका हवी झाली. वर १९१२-१३ ची दोन बाल्कन युद्धं. आणि सगळ्यांचे एकमेकांशी करार. एकाने ओढलं की दोर सगळ्यांच्याच गळ्यात.

म्हणून एकट्या जर्मनीला दोषी धरणं मला पटत नाही. रशियाने ३० जुलैला सगळी फौज हलवायचा हुकूम काढला, तो जर्मनीच्या आधी.

इतिहासखोर
बर्लिनकर, इथेच आपलं जमत नाही. खुनामागे सर्बिया आहे असा ऑस्ट्रियाचा आरोप होता. ५-६ जुलैला कैसरने ऑस्ट्रियाला सांगितलं की सर्बियाचं काय करायचं ते करा, आम्ही पाठीशी आहोत. कोरा चेक. त्या जोरावर ऑस्ट्रियाने २३ जुलैला सर्बियाला ४८ तासांची निर्वाणीची मुदत दिली, आणि अटी अशा रचल्या की नाकारल्याच जाव्यात. सर्बियाने जवळजवळ सगळं मान्य केलं, फक्त ऑस्ट्रियाच्या अधिकाऱ्यांनी आमच्या देशात येऊन तपास करायचा हे नको म्हणाले. ते उत्तर वाचून खुद्द कैसर म्हणाला की आता युद्धाचं कारण उरलं नाही! तो दिवस होता २८ जुलै. आणि त्याच दिवशी ऑस्ट्रियाने युद्ध पुकारलं.

आणि जर्मनीला दोष देणारे सगळे इंग्रज नव्हेत. १९६१ मध्ये फ्रिट्झ फिशर या जर्मन इतिहासकारानेच जर्मनीची कागदपत्रं उपसून ते मांडलं, तिकडे केवढा गहजब झाला ते तुम्हाला माहीत असेलच.

बर्लिनकर
माहीत आहे. फिशरनंतरही साठ वर्षं वाद चालूच आहे हेही तुम्हाला माहीत असेलच ;)

आक्का_पेठवडगाव
मला एवढं कळत नाही बाबांनो पण हे राजे सगळे एकमेकांचे नातेवाईक होते ना? मग बसून मिटवता आलं नाही?

चकलीचा_सोऱ्या
आक्का, नातेवाईक होते म्हणूनच मिटलं नाही.

हे नातं इंग्रजीत सांगायला गेलं की कझन कझन करून डोकं फिरतं, आपल्याकडे एकेक शब्द आहे. इंग्लंडचा पाचवा जॉर्ज आणि रशियाचा झार निकोलस हे सख्खे मावसभाऊ, दोघांच्या आया बहिणी, डेन्मार्कच्या. चेहरे इतके सारखे की फोटोत ओळखायची पंचाईत. कैसर विल्हेल्म हा जॉर्जचा आतेभाऊ, त्याची आई म्हणजे जॉर्जच्या बापाची थोरली बहीण. झारची बायकोसुद्धा व्हिक्टोरिया राणीची नात. म्हणजे म्हातारी असती तर दोघातिघांचे कान पिळून बसवले असते. कैसर आणि झार शेवटच्या दिवसांत एकमेकांना तारा करत होते, इंग्रजीत, खाली सही विली आणि निकी. ही अशी गोड तार आणि तिकडे फौजा निघालेल्या.

बांधावरून भांडणं करणाऱ्या कुठल्याही भावकीला विचारा. कोर्टात तारखेला जाताना एकाच एसटीने जातात.

माणदेशी_कारकून
सोऱ्या __/\__

एसटीवरून आठवलं. या युद्धाचं एक कारण रेल्वेचं टाईमटेबल पण होतं. जर्मनीचा प्लॅन असा की फ्रान्स आणि रशिया दोघांशी एकदम गाठ पडली तर आधी बेल्जियममधून फ्रान्सवर धडकायचं, त्याला लवकर लोळवायचं आणि मग रशियाकडे वळायचं कारण रशियाची फौज जमायला वेळ लागतो. सगळ्या गाड्या, कुठली पलटण कुठल्या दिवशी कुठल्या रुळावर, ते आधीच ठरलेलं. १ ऑगस्टला कैसरला वाटलं की ब्रिटन बाहेर राहील आणि फ्रान्सशी लढायला लागणार नाही, त्याने सेनापती मोल्टकेला सांगितलं की सगळं सैन्य पूर्वेकडे वळवा. मोल्टके म्हणाला जमणार नाही साहेब, वर्षभर खपून केलेलं नियोजन असं एका रात्रीत फिरत नाही. मी तीस वर्षं डेपोत काढलीत, त्या मोल्टकेचा चेहरा मला डोळ्यासमोर दिसतो. साहेब केबिनमधून म्हणतो दहा गाड्या पंढरपूरला वळवा. अहो पण ड्रायव्हर कुठायत.

बेल्जियममध्ये पाय टाकला आणि ब्रिटन उतरलं, कारण बेल्जियम तटस्थ राहील अशी हमी १८३९ च्या करारात होती. ४ ऑगस्ट.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे आभार, पोराला वाचून दाखवतोय. पण त्याचा प्रश्न अजून तसाच आहे. हे सगळं युरोपात. आमची ४१ माणसं?

दर्यावर्दी_दाभोळ
तेच सांगायला आलो. ब्रिटन उतरलं म्हणजे आपण उतरलो, आपल्याला विचारायचा प्रश्नच नव्हता. व्हाइसरॉयने जाहीर केलं की हिंदुस्थान युद्धात आहे, संपला विषय. १३ लाखांच्या वर माणसं गेली इथून, लढणारी आणि बाकी कामांची मिळून. सुमारे ७४ हजार परत आली नाहीत.

आणि सगळ्यांना फक्त पलटणी आठवतात. आमच्या रत्नागिरीकडचे खलाशी कुणाच्या खिजगणतीत नाहीत. बोटींवर कोळसा ओढायचं काम, इंजिनाच्या पोटात. पाणबुडीचा टॉर्पेडो बसला की वरच्या डेकवरचे साहेब निदान उडी तरी मारतात, खालचा बॉयलरवाला काय करणार. मुंबईत मशीद बंदरला खलाशांच्या सेलर्स होममध्ये दोन हजारांवर खलाशांचं स्मारक आहे. माझ्या पणजीचा भाऊ बोटीवर होता, बोट गेली ती गेलीच. पणजीने शेवटपर्यंत त्याचं श्राद्ध घातलं नाही, म्हणायची प्रेत कुठे बघितलंय.

शेंडेफळ
:(

इतिहासखोर
कृष्णाकाठ, तुमच्या पाटीचं उत्तर बहुतेक इराकमध्ये आहे. तेव्हाचं मेसोपोटेमिया.

फ्रान्सला गेलेल्या पलटणींबद्दल पुष्कळ लिहिलं जातं, न्यूव्ह शापेलची लढाई वगैरे. पण मराठा पलटणींचा मोठा वाटा बसरा-बगदाद बाजूला होता. तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने उतरलं, आणि इराणच्या आखातात आबादानला इंग्रजांचा तेलाचा कारखाना, त्या कंपनीत ब्रिटिश सरकारने १९१४ मध्येच निम्म्याहून जास्त हिस्सा घेतलेला. तो वाचवायला मुंबईहून फौज गेली. कुठली फौज? सहावी डिव्हिजन, नाव पूना डिव्हिजन. त्यात १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी. नोव्हेंबर १९१४ मध्ये बसरा घेतलं, इथवर झकास चाललेलं. मग हाव सुटली. बगदाद घेऊ म्हणून टाउनशेंड नावाचा जनरल नदीने वर वर गेला, टेसिफॉनला मार खाल्ला, मागे सरत कुट अल अमारा या गावात शिरला आणि डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कांनी वेढा घातला. १४७ दिवस. अन्न संपलं, घोडे-खेचरं कापली. आपल्यातले बरेच जण घोड्याचं मांस खाईनात, धर्मगुरूंची परवानगी तारेने मागवावी लागली तरी पुष्कळांनी तोंडाला लावलं नाही, हिरड्या सुजून स्कर्व्हीने माणसं पडली. विमानातून धान्याच्या गोण्या टाकून बघितल्या. तुर्कांना वीस लाख पौंड लाच देऊन बघितली. सोडवायला गेलेल्या फौजेची सुमारे २३ हजार माणसं मेली वा जखमी झाली. शेवटी २९ एप्रिल १९१६ ला शरणागती, तेरा हजारांच्या आसपास माणसं कैदेत. शिपायांना वाळवंटातून पायी हाकत नेलं, कितीतरी वाटेतच गेले. टाउनशेंड साहेब इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात.

नंतर चौकशी आयोग बसला, जखमींचे हाल, औषधं नाहीत, बोटी नाहीत सगळं बाहेर आलं, आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेनला १९१७ मध्ये राजीनामा द्यावा लागला.

चकलीचा_सोऱ्या
चार स्क्रोल म्हणालो होतो की नाही. पण वाचला सगळा. पूना डिव्हिजन हे नाव मला आजवर माहीत नव्हतं आणि मी पुण्यात जन्मलोय, हे कबूल करायची लाज वाटते, पुणेकराला तर जास्तच.

गण्या_बाजीराव
आपल्या यशवंत घाडगेंना व्हिक्टोरिया क्रॉस याच युद्धात मिळाला ना? माणगावला पुतळा आहे.

दर्यावर्दी_दाभोळ
नाही हो, ते दुसरं महायुद्ध. इटलीत, जुलै १९४४. पुतळ्याचं बरोबर.

निळी_पहाट
पलटणींचा विषय निघालाच आहे तर एक राहतंय. १८९० च्या दशकात महारांची लष्करभरती इंग्रजांनी बंद केली होती, 'लढाऊ जाती' नावाचं खूळ डोक्यात घेऊन. त्याआधी पिढ्यान्पिढ्या त्यांची माणसं फौजेत होती, बाबासाहेबांचे वडील सुभेदार होते हे सगळ्यांना माहीत असतं. युद्धात माणसं कमी पडायला लागली तेव्हा एकदम लढाऊपणा परत दिसला आणि १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली. युद्ध संपलं, १९२१ मध्ये मोडून टाकली. काम सरो वैद्य मरो. युद्धाचे परिणाम म्हणून तहाची कलमं वाचतो आपण, पण सुटलेली नोकरी, सुटलेली पेन्शन, परत गावकुसाबाहेर, हाही परिणामच आहे. नंतर दुसऱ्या युद्धात पुन्हा माणसं कमी पडली, मग १९४१ मध्ये महार रेजिमेंट.

आक्का_पेठवडगाव
चांगलं लिहिलंस बाळा.

माणदेशी_कारकून
निळी_पहाट यांना अनुमोदन. लोक भरती का व्हायचे त्याचंही एक कारण साधं आहे. शिपायाला महिना ११ रुपये पगार. आमच्या माणदेशात पाऊस नसला की ११ रुपये म्हणजे काय ते ज्याच्या घरात ज्वारी संपलीय त्याला विचारा. राजनिष्ठा वगैरे पाटीवर लिहायला.

जर्मनबाग
पण पुढारीपण सैन्यात जा म्हणतच होते की. टिळक मंडालेहून जून १९१४ मध्ये सुटले, त्यांचं म्हणणं भरती करू पण स्वराज्याचं बोला. गांधीजी तर १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात गावोगाव भरतीसाठी फिरले, अहिंसावाले गांधीजी! लोकांनी फारसं ऐकलं नाही ही गोष्ट वेगळी.

बर्लिनकर
आणि मिळालं काय? १९१७ च्या ऑगस्टमध्ये नव्या भारतमंत्र्याची, माँटेग्यूची घोषणा, टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देऊ. मार्च १९१९ मध्ये रौलट कायदा, एप्रिलमध्ये जालियनवाला. त्यात पंजाब म्हणजे सगळ्यात जास्त सैनिक दिलेला प्रांत. आणि जूनमध्ये व्हर्सायला हिंदुस्थानच्या वतीने सह्या कुणाच्या, तर माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज गंगासिंह. राष्ट्रसंघाचे (लीग ऑफ नेशन्स) आपण संस्थापक सदस्य, आणि स्वतःच्या घरात भाडेकरू.

श्रीमंत_भिकारी
रच्याकने, एक रुपयाची नोट या युद्धामुळे आली हे किती जणांना माहीत आहे? चांदी महाग झाली, रुपयाच्या नाण्यांना पुरेना, म्हणून ३० नोव्हेंबर १९१७ ला पहिली एक रुपयाची नोट काढली. नंतर अडीच रुपयांची पण होती! माझ्या संग्रहात एकीची झेरॉक्स आहे. (मूळ नोटेची किंमत ऐकून झेरॉक्सवर समाधान मानलं, आयडी उगाच नाही घेतला.)

शेंडेफळ
तो कागद बघून आजीबाई लोक काय म्हणाले असतील. बंदा रुपया दगडावर वाजवून घ्यायची सवय आणि हातात हे.

सुगरण_नाशिक
मी इतिहासाची नाही, वाचत होते नुसती. पण परिणामांचं निघालं म्हणून लिहिते. आमच्या घरात त्या युद्धाला कुणी गेलं नाही. पण माझ्या आजेसासूबाई (म्हणजे सासूबाईंच्या सासूबाई) सांगायच्या ते मानमोडीचं. १९१८ चा ताप. त्या तेव्हा आठ-नऊ वर्षांच्या. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेलेला. घरात नऊ माणसं, सगळी एकाच वेळी आडवी, पाणी द्यायला उभं कुणी नाही. ही पोर तेवढी हिंडती-फिरती. माठापासून अंथरुणापर्यंत वाटी घेऊन जायची. चौघं गेली आठवड्यात, आई त्यात. गावात सरपण संपलं म्हणून दारं मोडून नेली म्हणे. त्यांची एक सवय होती, घरात कुणाला साधी कणकण आली तरी त्या रात्री उशाशी पाण्याचा तांब्या स्वतः भरून ठेवायच्या, सुनेला ठेवू द्यायच्या नाहीत. आम्हाला ते विचित्र वाटायचं.

त्यांना साराजेव्हो माहीत नव्हतं.

इतिहासखोर
सुगरणताई, हे धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं. १९१८ च्या जूनमध्ये मुंबई बंदरातून ती साथ आत आली, सैनिकांची ये-जा तिथूनच. पहिली लाट सौम्य, सप्टेंबर-ऑक्टोबरची भयंकर. हिंदुस्थानात सव्वा कोट ते पावणेदोन कोटींच्या आसपास माणसं गेली असा अंदाज देतात, म्हणजे अख्ख्या युद्धात जगभर मेलेल्या सैनिकांपेक्षा जास्त. १९११ ते २१ हे एकच दशक आहे ज्यात आपल्या शिरगणतीत लोकसंख्या घटली.

युद्धाने फ्लू निर्माण केला असं नाही, पण दाटीवाटीने भरलेल्या बोटी आणि आगगाड्यांनी तो गावोगाव पोचवला.

चकलीचा_सोऱ्या
आज जोक नाही.

बर्लिनकर
(दोन दिवसांनी) विषय थोडा मूळ मुद्द्यावर आणतो. कारणांवर भांडलो, परिणामांवर पण भांडू. व्हर्सायचा तह इतका कडक नसता तर हिटलर आला नसता. कलम २३१, नुकसानीची जबाबदारी जर्मनी आणि तिच्या साथीदारांची. १९२१ मध्ये बिल दिलं १३२ अब्ज सोन्याचे मार्क. हप्ता चुकला म्हणून १९२३ च्या जानेवारीत फ्रान्स-बेल्जियमच्या फौजा रूर या जर्मनीच्या कारखानदारी भागात घुसल्या आणि नोव्हेंबरपर्यंत एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क झाले. सकाळचा पगार संध्याकाळी रद्दी. त्या तहासाठी काढलेल्या कर्जरोख्यांचा शेवटचा हप्ता जर्मनीने कधी फेडला माहितीये? ३ ऑक्टोबर २०१०. मी इथे आलो त्याच्या थोडंसं आधी.

जर्मनबाग
असहमत. जर्मनीने स्वतः काय केलं होतं? १८७१ ला फ्रान्सकडून ५ अब्ज फ्रँक वसूल केले. मार्च १९१८ मध्ये ब्रेस्ट-लिटोव्स्कच्या तहात रशियाचा जो लचका तोडला त्यापुढे व्हर्साय म्हणजे सवलत योजना. आणि महागाईचं मूळ तहाआधीचं, जर्मनीने युद्ध कर लावून नव्हे, कर्ज काढून लढलं, जिंकल्यावर हरणाऱ्याकडून वसूल करू म्हणून. सगळ्यात महत्त्वाचं, १९२८ च्या निवडणुकीत नाझींना २.६ टक्के मतं. तहाला नऊ वर्षं झालेली. १९३० मध्ये १८.३. मध्ये काय झालं? १९२९ ची मंदी. तहाने हिटलर आणला म्हणणं म्हणजे वर्षापूर्वी खाल्लेल्या वड्यामुळे आज पोट बिघडलं म्हणण्यासारखं.

बर्लिनकर
वडा एक वर्ष पोटात राहिला नव्हता, रोज त्याच्याच करपट ढेकरा काढून दाखवणारी माणसं होती ना. 'आम्ही हरलो नाही, पाठीत सुरा खुपसला' हे लोकांना पटवता आलं कारण युद्धविराम झाला तेव्हा जर्मन फौज परक्या जमिनीवर उभी होती, घरी कुणाला पराभव दिसलाच नाही. मंदी म्हणजे काडी, मान्य. पण ते ओलं लाकूड नव्हतं.

जर्मनबाग
हे पटलं, निम्मं.

आक्का_पेठवडगाव
वडा करपट ढेकर काय चाललंय, इकडे चतुर्थीचा उपास आहे माझा.

मिरची_मसाला
उशिरा आले. फ्रान्समधून आपल्या शिपायांची पत्रं यायची ती सेन्सॉर वाचायचे, म्हणून लोक सांकेतिक लिहायचे. काळे मिरे संपत आले, आता लाल मिरची वापरतायत, अशा अर्थाचं एक पत्र आहे. काळे म्हणजे आपले, लाल म्हणजे गोरे. माझ्या आयडीचा याच्याशी संबंध नाही.

आणि कृष्णाकाठ, कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साइटवर नावं शोधता येतात. पुष्कळ नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असतो. स्पेलिंगची आशा ठेवू नका, तुमच्या गावाचं नाव गोऱ्या कारकुनाने ऐकून लिहिलंय, त्यामुळे मोठ्याने वाचून बघा. बसऱ्याच्या स्मारकावर ४० हजारांवर माणसांची नोंद आहे पण साध्या हिंदी शिपायांची नावं दगडावर नाहीत, पलटण आणि किती मेले तो आकडा एवढंच. गोऱ्यांची नावं आहेत. ते स्मारकही आता मूळ जागी नाही, १९९७ मध्ये सद्दामच्या हुकमाने उचलून ३२ किलोमीटर लांब वाळवंटात नेलं.

पाटीचा आकडा वाचायला रात्री जा आणि टॉर्च समोरून नाही, भिंतीला चिकटून बाजूने मारा. झिजलेल्या अक्षराला सावली पडते.

कृष्णाकाठ
(तीन आठवड्यांनी) रविवारी गावी जाऊन आलो, पोरगं हट्टाने आलं. दूध सेंटरवाल्याने कॅन हलवायला आधी कुरकुर केली, मग स्वतःच टॉर्च धरून उभा राहिला. बाजूने उजेड मारला तर ऑइलपेंटखालून आकडा उठून आला. ८ आहे. चावडीत जमलेल्या सगळ्यांनी हात फिरवून बघितलं, एक म्हातारे म्हणाले आम्ही सहाच ऐकत आलो.

साइटवर आधी काहीच सापडेना. मग मिरची_मसालांनी सांगितलं तसं मोठ्याने वाचत गेलो तेव्हा दोन नोंदी लागल्या. एकाचं आडनाव आमचंच, म्हणजे भावकीतला असणार, पण आमच्या वंशावळीत तो नाही, लग्नाआधी गेला असेल तर कोण लिहून ठेवतंय. मृत्यू १९१८ च्या डिसेंबरात, बसरा. पोराने लगेच बोट ठेवलं, म्हणाला पप्पा, युद्ध तर नोव्हेंबरात थांबलं होतं.

कशाने गेला ते लिहिलेलं नाही.

आता एक मदत हवी. ऑइलपेंट काढायला गावात कुणी लिंबू सांगतंय, कुणी बाथरूमचं ॲसिड. काय वापरू?

माणदेशी_कारकून
ॲसिड अजिबात नको, लिंबूही नको, संगमरवर खातं ते. तारेचा ब्रश पण नको. साधं पाणी, जुना टूथब्रश, आणि पेंट काढायला कुणी मूर्तीकाम करणारा गाठा, जयपूरवाले असतात साताऱ्यात. घाई करू नका, शंभर वर्षं थांबलीय ती.

शेंडेफळ
आणि दुधाचे कॅन दुसऱ्या भिंतीला लावा म्हणावं.

कृष्णाकाठ
त्या भिंतीला पंचायतीचा फ्लेक्स आहे. बघतो सरपंचांशी बोलून.

चकलीचा_सोऱ्या
चला, म्हणजे आता दुसरं युद्ध.